‘बघून घ्या’ म्हणण्याआधी: जुने संगणक विकणाऱ्या सांगली-मिरजेच्या मंडळींना खुलं पत्र

सांगली

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत जुने संगणक विकणारे, जमवणारे आणि दुरुस्त करून देणारे सर्वजण

विषय: विकायच्या यंत्राची खरी अवस्था लिहून द्यायला नकार दिल्याबद्दल

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात विश्रामबागेत आपण जमलो होतो तेव्हा मी एक साधी गोष्ट मांडली होती. जुना संगणक विकताना सोबत एक चिठ्ठी द्यायची. यंत्र कोणतं, कोणत्या सालचं, शेवटचं कधी लावून बघितलं, काय चालतं, काय चालत नाही, आत काय बदललंय. बस. यावर दहा मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही. ‘आपण काय शोरूम टाकलीय का? जुना माल आहे, गिऱ्हाईकानं बघून घ्यावं,’ असं एकजण म्हणाला, पाच-सहा माना हलल्या आणि चहा आला.

त्या दिवशी मी गप्प बसलो. तीन आठवडे झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. हे पत्र तुमच्या हातात गुपचूप देता आलं असतं, पण ज्यांचे पैसे जातात ती माणसं त्या हॉलमध्ये नव्हती. त्यांनीही हे वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाचं नाव घेणार नाही. तुम्ही माझी माणसं आहात, रात्री अकराला फोन करून तुम्हाला एखादी आयसी, म्हणजे चिप, मागितलीय आणि तुम्ही ती आणून दिलीय, हे मी विसरलेलो नाही.

मी 1996 पासून सांगलीत संगणक दुरुस्त करतो. सुरुवात 386 आणि 486 या प्रोसेसरच्या संगणकांनी झाली. तेव्हा ती यंत्रं जुनी नव्हती, लोकांची रोजीरोटी होती. डीटीपीवाले, पतपेढ्या, कारखान्यांची ऑफिसं, पुढं 2001 नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग, सगळीकडं स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरलोय. गेल्या सात-आठ वर्षांत तीच यंत्रं ‘व्हिंटेज’ होऊन परत माझ्या टेबलावर यायला लागली. लोक त्यांना जीव लावतायत, पोरं विंडोजच्या आधीच्या डॉसच्या कमांड शिकतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातली बरीच यंत्रं विकत घेतल्यावर महिना-दोन महिन्यांतच माझ्याकडं येतात. आणि ‘तुमची फसवणूक झालीय’ हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं काम माझ्या वाट्याला येतं.

त्यातली एक हकिकत सविस्तर सांगतो, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. 1984-85 मध्ये केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात निवडक शाळांना एकॉर्न या इंग्लंडच्या कंपनीचे बीबीसी मायक्रो मिळाले. बाईंच्या पहिल्या नोकरीच्या शाळेत तसा एक आला होता. आयुष्यात पहिल्यांदा ज्या कीबोर्डला त्यांनी हात लावला तो हाच, वरच्या ओळीत तांबड्या बटणांचा. चालू केला की दोन सुरांत बीप व्हायचा आणि वर्गातली पोरं टाळ्या वाजवायची, असं त्या सांगतात. पेन्शनीतून बाजूला काढून त्यांनी आपल्यापैकी एकाकडून बीबीसी मायक्रो घेतला. 42,000 रुपयांना. ‘एकदम चालू आहे, बाई, काळजी करू नका,’ एवढंच विकणाऱ्याचं सांगणं.

दिवाळीत नातवंडं जमली तेव्हा त्यांनी तो लावला. बीप झाला, पडद्यावर अक्षरं उमटली. वीस मिनिटांनी आतून पांढरा धूर यायला लागला आणि घरभर असा उग्र वास पसरला की शेजारी विचारायला आले. बाईंनी आधी नातवाला लांब ओढलं, मग प्लग काढला. यंत्र चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं आणि तीन महिने कुणाला काही सांगितलं नाही. माझ्याकडं आल्या तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का हो?’

मी खोललं. पॉवर सप्लायच्या डब्यात, मेन्सची वायर आत येते तिथं दोन कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे छोटे भाग, असतात. पिवळसर, अर्धपारदर्शक, लिमलेटच्या गोळीसारखे दिसतात. त्यांच्या आत धातूचा थर दिलेला कागद असतो. तीस-चाळीस वर्षांत वरच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो, आणि 230 व्होल्ट मिळत राहिले की एक दिवस कपॅसिटर फुटतो. बाईंच्या यंत्रात नेमकं तेच झालं होतं. डब्यात सगळीकडं तपकिरी चिकटा उडालेला. बाकी बोर्ड ठणठणीत होता. दोन्ही कपॅसिटर बदलले, शंभर रुपयांच्या आतला माल, काम अर्ध्या तासाचं. चिकटा पुसला, लावला, दोन सुरांत बीप झाला. बाई रडल्या.

आता माझी चूक. विकलं जायच्या आधी ते यंत्र विकणाऱ्यानं मला दाखवलं होतं. मी झाकण काढून त्याच दोन कपॅसिटरचे तडे त्याला दाखवले होते आणि ‘हे बदलल्याशिवाय कुणाला देऊ नकोस’ असं सांगितलं होतं. ‘चालतंय की,’ म्हणाला तो. मी माझ्या कामाला लागलो. पुढं ते कुणाकडं गेलं हे मी विचारलंसुद्धा नाही. म्हणजे दोघांना माहीत होतं, आणि जिनं पैसे मोजले तिला तेवढं माहीत नव्हतं. तिनं दोष स्वतःलाच लावून घेतला. मंडळी, मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे. न कळणारं गिऱ्हाईक आपल्याशी भांडायला येत नाही. त्याला वाटतं आपणच बिघडवलं.

‘बघून घ्या’ हा शब्द आपण बाजारातून उचललाय, पण बाजारात तो कसा चालतो ते बघा. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, भोवरे बघतो. विकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच घेणाऱ्याला कळतं, कधी कधी काकणभर जास्तच. सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा माल उघडून समोर मांडलेला असतो, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी तार छेडून ऐकवतो, भोपळा कसा आहे ते हातात देऊन दाखवतो. तिथं ‘बघून घ्या’ म्हणण्यात काही वावगं नाही. आपल्या मालात बघायचं ते सगळं स्क्रू लावलेल्या डब्यात असतं. आणि डबा उघडून दिला असता तरी बाईंना एक पिवळी गोळी दिसली असती. तिच्यावरच्या तड्याचा अर्थ सांगणारं कोण होतं?

आता तक्रारी सांगतो. सगळ्यांना सगळ्या लागू नाहीत, ज्याची त्यानं ओळखावी.

पहिली ‘चालू कंडिशन’ या शब्दांबद्दल. पंखा फिरला आणि दिवा लागला की आपण चालू म्हणतो. 386-486 च्या मदरबोर्डवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी झाळलेली असते, बोटाच्या पेराएवढी. ती गळतेच, प्रश्न फक्त कधी गळते एवढा. आतलं अल्कली बोर्डावर पसरतं, हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं आणि तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात. बऱ्याच बोर्डांवर ही बॅटरी कीबोर्डच्या सॉकेटशेजारीच असते, त्यामुळं पहिला बळी तोच. यंत्र चालू होतं, मेमरी मोजली जाते आणि मग कीबोर्डची एरर येते. आपल्यातले काहीजण मेमरी मोजली जात असतानाचा फोटो काढून गिऱ्हाईकाला पाठवतात. पुढचा फोटो काढत नाहीत. ती बॅटरी कटरनं काढायला दोन मिनिटं लागतात, पसरलेलं पुसायला घरातलं व्हिनेगर पुरतं. एवढं करून विकलं असतं तर बोर्ड वाचला असता, आणि मी हे आतापर्यंत किती जणांना सांगितलंय याचा हिशेब नाही.

दुसरी तक्रार व्होल्टेजची, आणि ही जिवाशी खेळणारी आहे. कवठेमहांकाळ भागातला एक पोरगा, बारावी झालेला, बेदाण्याच्या शेडवर काम करून पैसे साठवतो. त्यानं 14,000 रुपयांना कमोडोर 64 हा जुना घरगुती संगणक घेतला. 1982 चं यंत्र, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचं, पण त्याचा आवाजाचा चिप कसा काम करतो हे त्यानं वाचून पाठ केलेलं. यंत्र अमेरिकेतून आलेलं होतं. अडॅप्टरच्या तळाला 117 व्होल्ट असं लिहिलेलं होतं, अक्षरं मुगाच्या डाळीएवढी. विकणाऱ्यानं आपल्याकडची पिन बसवून दिली आणि बाकी काही बोलला नाही. पोरानं घरी 230 वर लावला. कमोडोरचा अडॅप्टर तसाही बदनाम आहे, तो बिघडला की 5 व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि मेमरीच्या आयसी मारतो. इथं तर दुप्पट दाब दिलेला. अडॅप्टर वितळला, आतल्या आयसी गेल्या. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, ‘इंटरनेटवर बघायचं ना आधी.’ त्या घरात आग लागली असती तर हेच उत्तर दिलं असतं का?

परदेशी यंत्र विकताना मागचा 115-230 चा तांबडा स्विच कुठं आहे, तो कोणत्या बाजूला आहे, आणि स्विच नसेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल, हे सांगायला एक मिनिट लागतं. अमेरिकेतल्या यंत्राचं चित्र आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर नीट येईलच असं नाही, तिकडची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल, हेही त्याच मिनिटात बसतं.

तिसरी तक्रार पुराची. ही लिहिताना मला जड जातंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. माझं घर गावभागात आहे, आमच्याकडं काय काय वाहून गेलं ते सांगत बसत नाही. पण त्या दोन पुरांत नदीकाठच्या छापखान्यांतून, दुकानांतून, ऑफिसांतून जे संगणक भिजले ते धुऊन, वाळवून, वर नवा रंग मारून आज विकले जातायत, आणि विकताना पुराचा ‘प’सुद्धा उच्चारला जात नाही.

मला कसं कळतं म्हणाल तर कॅबिनेटचा पुढचा प्लास्टिकचा पॅनेल काढायचा आणि आतल्या खाचेतून बोट फिरवायचं. गाळ लागतो. मऊ, काळपट, पिठासारखा बारीक. सांगलीत ज्यानं पुरानंतर घर धुतलंय त्याला तो गाळ दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. मग पत्र्याच्या आतल्या अंगाला उजेड धरायचा. एक सरळ आडवी रेघ दिसते, रेघेच्या खाली गंज, वर स्वच्छ. गेल्या पावसाळ्यात कराडच्या एका गृहस्थांनी आणलेल्या 486 मध्ये ती रेघ फ्लॉपी ड्राइव्हच्या मधोमध होती. त्यांना सांगितलं होतं की हा संगणक कायम एसी खोलीत होता. आतला गाळ हवेतली ओल धरून ठेवतो, कनेक्टर आतून सडतात, आणि यंत्र सहा महिन्यांनी अशा ठिकाणी बंद पडतं की दोष शोधता शोधता माणूस थकतो.

पुरात भिजलेलं यंत्र विकू नका असं मी म्हणत नाही. नीट धुतलेला, पूर्ण सुकवलेला बोर्ड वर्षानुवर्षं चालू शकतो, मी स्वतः चालवलेत. पण ‘पुरात भिजलेला’ हे शब्द चिठ्ठीवर यायला हवेत, आणि भाव त्याप्रमाणं हवा.

चौथी तक्रार भावाची. इथं मला आधी एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. भाव बांधून द्या असं माझं म्हणणं नाही. जो माणूस तीन रात्री बसून बोर्डावरचे सगळे कपॅसिटर बदलतो, तुटलेले ट्रॅक केसासारख्या तारेनं जोडतो, त्यानं त्याच्या कष्टाचे पैसे पुरेपूर घ्यावेत. मीही घेतो. माझी तक्रार भाव कुठून आणला जातो त्याबद्दल आहे.

ॲपल कंपनीचा पहिला संगणक, ॲपल-1, 1976 मध्ये आला. जेमतेम दोनशे बोर्ड तयार झाले होते, किंमत होती 666 डॉलर 66 सेंट. त्यातला एक 2014 मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात 9,05,000 डॉलरना गेला. ही बातमी खरी आहे. तिचा आधार घेऊन आपल्यातल्या एकानं पलूसच्या एका दुकानदाराला 1990 चा मॅकिंटॉश क्लासिक 65,000 रुपयांना विकला, ‘जुना ॲपल आहे, ठेवून द्या, लाखांत जाईल’ असं सांगून. मॅकिंटॉश क्लासिक हा ॲपलनं 999 डॉलरला, स्वस्तातला म्हणून काढलेला संगणक. दोनशे नगांच्या वस्तूशी त्याचा काय संबंध? त्या दुकानदारानं पोरीच्या शिक्षणासाठी गुंतवणूक म्हणून तो घेतला. माझ्याकडं तो नुसता पुसून घ्यायला आणला होता. मागच्या हँडलच्या खोबणीत खोल बसवलेले स्क्रू काढायला लांब दांड्याचा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, लागतो; त्या स्क्रूंवर ओरखडेसुद्धा नव्हते, म्हणजे विकणाऱ्यानं तो एकदाही उघडलेला नव्हता. आतली लिथियमची बॅटरी फुटून तिच्या पाण्यानं बोर्डाचा कोपरा खाल्लेला होता.

65,000 हा आकडा कुठून आला असं मी विचारलं तर परदेशातल्या एका साइटवरचा भाव दाखवला. तो मागितलेला भाव होता. तेवढ्याला तो विकला गेला होता का, हे कुणी बघितलंच नव्हतं. तासगावच्या सौद्यात बेदाण्याला जो दर निघतो तो दर, शेतकऱ्यानं मनात धरलेला नव्हे, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतं. संगणकाच्या बाबतीत आपण ते मुद्दाम विसरतो. विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे काढून बघता येतात. बघायचे असतील तर.

‘अँटिक’ हा शब्दही बंद करा. 1972 च्या कायद्याप्रमाणं पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी वस्तू, हस्तलिखितांना पंच्याहत्तर. 2003-04 चा पेंटियम 4 लाखोंनी खपलेला संगणक आहे. तो अँटिक नाही, दुर्मीळ तर नाहीच. विंडोज एक्सपीच्या काळातले गेम खेळायला तो चांगला आहे, तसं सांगा आणि हजार-दीड हजाराला द्या, घेणारा खुशीनं नेईल.

परदेशी यादीवरून भाव काढायचा आणखी एक तोटा आहे, त्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे आपल्याच इतिहासाचं नुकसान आहे. त्या यादीत जे नाही ते आपल्याला कचरा वाटतं. मराठी अक्षर डॉसच्या पडद्यावर यायचं ते पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळं. लांबट कार्ड, संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवायचं, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये देवनागरी टाइप करता यायचं. ते पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एकाच्या गोडाऊनमध्ये ते कार्ड मला बादलीत सापडलं, सोनं काढायला पाठवायच्या बोर्डांच्या बादलीत. शेजारच्या टेबलावर एका साध्या परदेशी यंत्राला तीस हजारांची चिठ्ठी लावलेली. मी ती अख्खी बादली किलोच्या भावानं विकत घेतली. सिंक्लेअर या इंग्लंडच्या कंपनीच्या परवान्यानं भारतात निघालेला डीबी स्पेक्ट्रम, शाळांसाठी आलेले बीबीसी मायक्रो, एचसीएलची सुरुवातीची यंत्रं, यांना इथं एक अर्थ आहे. तो अर्थ ज्याला माहीत नाही त्यानं भाव सांगताना थोडं थांबावं, कुणाला तरी विचारावं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. सोन्यासाठी सिरॅमिकचे प्रोसेसर काढून घेऊन रिकामा बोर्ड ‘पूर्ण सेट’ म्हणून विकला जातो. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं केलं जातं. त्यात वाईट काही नाही, पण मग ‘न वापरलेला’ म्हणू नये. आणि हार्ड डिस्क. मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकानं घेतलेल्या संगणकात एका पतपेढीच्या ठेवीदारांची यादी होती, नावं, पत्ते, रकमा. ती पुसायचं काम आपलं होतं. ज्यांच्याकडून आपण हे संगणक किलोवर घेतो, त्या घरच्या लोकांनाही आत काय आहे ते माहीत नसतं. त्यांनाही भाव सांगताना आपण गप्पच बसतो.

ज्यांचं दुकान आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात करायला फी लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. गिऱ्हाईकांनी हा लिहून ठेवावा. तुमच्यावर तक्रार व्हावी असं मला अजिबात वाटत नाही, आणि म्हणूनच आधी तुम्हाला लिहितोय.

आता माझ्या मागण्या.

विश्रामबागेत फेटाळलेली चिठ्ठी पुन्हा विषयपत्रिकेवर घ्या आणि या वेळी नीट चर्चा करा. यंत्राचं नाव, साल, तपासल्याची तारीख, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या गोष्टी, बदललेले भाग, किती व्होल्टचं आहे, पुरात भिजलंय का. खाली विकणाऱ्याची सही. तपासलेलं नसेल तर ‘तपासलेलं नाही’ असं लिहा, तेही खरंच आहे आणि त्यालाही गिऱ्हाईक मिळतं.

घेणाऱ्यासमोर यंत्र किमान अर्धा तास चालवून दाखवा. गळकी बॅटरी आणि तडा गेलेला कपॅसिटर काढल्याशिवाय कुठलंही यंत्र हातातून सोडू नका. हे दोन भाग माझ्याकडून बदलून घ्यायचे असतील तर विक्रीआधीच्या यंत्राला मी मजुरी घेणार नाही, फक्त मालाचे पैसे द्या.

पंधरा दिवसांत चिठ्ठीवर न लिहिलेला दोष निघाला तर यंत्र परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. विसार घेतला असेल तर तोही.

भाव सांगताना तो कशावरून काढला हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. ‘पुढं वाढेल’ हे कुणालाही, कधीही सांगू नका. उद्याचा भाव आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही.

हार्ड डिस्क आधी पुसा, मग विका.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, असं सगळं लिहून दिलं तर भाव पडतील. काही यंत्रांचे पडतील, ज्यांचे पडायलाच हवेत त्यांचे. पण आज आपल्याकडून फसलेला माणूस दुसरं यंत्र घेत नाही, उलट चार जणांना सांगतो की या नादाला लागू नका. कवठेमहांकाळच्या त्या पोरानं मला विचारलं, ‘काका, हे शिकण्यात काही अर्थ आहे का?’ गेल्या पाच वर्षांत माझ्या दुकानात आलेला तो सगळ्यात हुशार पोरगा आहे. त्याचे 14,000 रुपये ज्यानं घेतले त्यानं ते परत करावेत, ही माझी वेगळी आणि स्पष्ट मागणी आहे. बोर्ड मी माझ्याकडच्या आयसी घालून उभा करतोय, त्याचा खर्च मागत नाही.

चिठ्ठीचा नमुना मी तयार केलाय, मराठीत, पोस्टकार्डाएवढा. पुढच्या बैठकीला शंभर छापून आणतो. माझ्या दुकानात विकायला ठेवलेल्या तीन यंत्रांना ती आजपासून लावलेली आहे, येऊन बघा.

आणि मिरजेच्या बाईंना ज्यानं बीबीसी मायक्रो विकला त्याला एक विनंती. त्या पैसे मागत नाहीत. यंत्र आता चालतंय, त्या खूश आहेत. पण त्यांच्या नातवाला अजूनही वाटतं की ते आजीनं जाळलं होतं. तू त्यांना एक फोन कर आणि तडे तुला माहीत होते, हे त्यांना सांग. मी माझ्या वाट्याचं सांगून आलोय.

आपला,
तुमच्यातलाच एक दुरुस्तीवाला
गावभाग, सांगली